आटपाडीसाठी दोन दाबा

९ जुलै

आजपासून मुक्काम पलूसला. खोलीत पंखा आहे, फिरतोही, पण वारा लागत नाही. मालकाला सांगितलं तर म्हणतो, फिरतोय की.

फौजेत सिग्नलमध्ये उभी हयात घालवली. बर्फात, वाळूत, जिथे कुत्रंही राहत नाही तिथून लाइन चालू ठेवली. सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि फलटणजवळ गावी येऊन उसाला पाणी पाजत बसलो. थोरल्या भावाला माझं पाणी पाजणं पसंत पडेना. मला त्याचं काहीच पसंत नव्हतं. शेवटी माझी बायको राणीच म्हणाली, तुमी कुठंतरी कामाला लागा, न्हाईतर मी तरी लागते.

म्हणून ही नोकरी. कंपनी जनावरांची पेंड बनवते. चेअरमन भाऊसो यांना कुणीतरी सांगितलं की मोठ्या कंपन्यांचा १८०० चा नंबर असतो. गाय आजारी पडली की शेतकऱ्याने फिरवायचा, कंपनीच्या डॉक्टरने सल्ला द्यायचा, शेतकऱ्याला फोन फुकट, बिल कंपनीला. ते सगळं मी उभं करायचं. मला कार्ड छापून दिलंय: अमृत, प्रमुख, दूरसंचार, खाली माझा मोबाइल. आडनाव गाळलंय. 'प्रमुख' शब्द मात्र नावापेक्षा मोठा आहे, ते बरं दिसतं.

११ जुलै

नंबर कसा मिळतो हे चेअरमनना समजावण्यात सकाळ गेली. सुरुवातीचे १८०० सगळ्यांना सारखे. पुढचे तीन आकडे ज्या टेलिफोन कंपनीकडून नंबर घेतो तिचे, सरकारने तिला नेमून दिलेले, ते कुणाच्या बापाला बदलता येत नाहीत. उरले शेवटचे चार. त्यातही जे कुणी उचलले नसतील त्यातूनच घ्यायचं.

चेअरमनना शेवटचे चार त्यांच्या जीपचे पाहिजेत. ते चार बेंगळुरूच्या एका गाद्यांच्या दुकानाने आधीच घेतलेत. चेअरमननी टेलिफोन कंपनीच्या साहेबाला माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. त्यांचा प्रत्येक फोन स्पीकरवर असतो, कोण बोलतंय ते खोलीतल्या सगळ्यांना कळावं म्हणून. त्या गादीवाल्याला सोडायला सांगा, म्हणाले. साहेबाने जीपचा नंबर परत एकदा विचारून घेतला. मग म्हणाला, बघतो. बघणार काय, डोंबल.

शेवटी जावयाच्या गाडीचे चार आकडे मिळाले. चेअरमन दिवसभर नाराज.

१९ जुलै

इथे कुणालाही हे कळत नाही की १८०० चा नंबर म्हणजे फोन नव्हे. त्या नंबरचं यंत्र जगात कुठेही वाजत नसतं. तो फिरवला की टेलिफोन कंपनीची मशीन बघते, कॉल कुठल्या मुलखातून आला, आणि त्या मुलखासाठी जो साधा फोन ठरवून दिलाय त्याच्यावर पाठवते. कुठला मुलूख कुठल्या फोनवर, हे ठरवणारा मी.

आपल्याकडे साधे फोन दोन. एक इथे पलूसला, डॉक्टर वीरधवल यांच्या टेबलावर. दुसरा आटपाडीला, डॉक्टर अपेक्षा म्हणून एक मुलगी आहे, तिच्याकडे. वीरधवल गायीपेक्षा सावकाश बोलतात. मुलगी भलतीच भरभर बोलते आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. असो.

घरातल्या जुन्या फोनला तालुक्याचा कोड असायचा, त्यावरून तालुका कळायचा. मोबाइलचं तसं नाही. मशीनला एवढंच कळतं की हा नंबर महाराष्ट्रात दिला गेला की कर्नाटकात की आणखी कुठे. म्हणून माणसालाच विचारावं लागतं. फलटण, पलूससाठी एक दाबा. आटपाडी, खानापूरसाठी दोन दाबा.

एवढीच दोन वाक्यं बोलायची होती. ती चेअरमननी स्वतः बोलायचं ठरवलं. आधी नमस्कार, मग वडिलांची, म्हणजे थोरल्या चेअरमनांची, पुण्याई, मग कंपनीचा इतिहास, मग पेंडीचे गुण. गाय मरून तिचं दहावं होईस्तोवर एक दाबायची वेळ येत नाही. कापा म्हणालो तर म्हणाले, लोकांना ऐकायला आवडतंय. लोकांना विचारलंय कुणी?

२ ऑगस्ट

आज एक पक्कं काम केलं. टेलिफोन कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या नंबरचं पान आहे, त्यावर राज्यांची नावं असतात, त्यातली हवी ती उघडी ठेवायची, नको ती बंद. मी महाराष्ट्र ठेवून सगळी बंद केली. बाहेरच्या राज्यातून फिरवणाऱ्याला 'हा नंबर आपल्या क्षेत्रात उपलब्ध नाही' असं ऐकू येईल. बिहारमधल्या कुणी पलूसच्या डॉक्टरशी फुकट गप्पा का माराव्यात?

संध्याकाळी अपेक्षाचा फोन. म्हणे सर, आटपाडी-खानापुरात घरटी एक माणूस सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात असतो. सेलम, कोची, अमृतसर. घरच्या बायांच्या हातात तिकडचीच सिमं आहेत. मेंढरं घेऊन फिरणारे कर्नाटकात सिम घेतात. नंबर तामिळनाडूचा असला तरी गाय आटपाडीचीच आहे.

मी म्हणालो, मग त्यांनी इकडचं सिम घ्यावं. शिस्त नावाची गोष्ट असते. तर म्हणते, सर, तुमचं स्वतःचं सिम कुठलं आहे?

उद्धटपणाला उत्तर द्यायचं नसतं. फोन ठेवला.

३ ऑगस्ट

माझ्या फोनवरून नंबर तपासायला गेलो तर 'आपल्या क्षेत्रात उपलब्ध नाही'. माझं सिम जोधपूरच्या पोस्टिंगमधलं. सगळ्या पलटणीकडे तोच नंबर आहे, तो बदलणं शक्य नाही. टेलिफोन कंपनीला कळवून माझा एक नंबर खास बाब म्हणून उघडून घेतला. ज्याला कामासाठी लागतो त्याला सवलत असावीच लागते.

२१ ऑगस्ट

पाऊस थांबायला तयार नाही. गोदामाचे पत्रे मागच्या बाजूने फाटले, पोत्यांच्या थप्प्या खालून भिजल्या. आज उघडीप होती, तर आवारात ताडपत्र्या अंथरून पेंड वाळत घातली होती. बाया ती नव्या पोत्यांत भरून तोंडं शिवत होत्या. चेअरमन स्वतः उभे राहून करवून घेत होते. माणूस बाकी कसाही असो, वाया काही जाऊ देत नाही. फौजेत असा एक क्वार्टरमास्टर असता तर बरं झालं असतं.

पोती आटपाडीच्या गाडीत चढली. तिकडची जनावरं काटे खाऊन जगतात, त्यांना पेंड म्हणजे चैनच.

१४ सप्टेंबर

आटपाडीहून कॉल एकदम वाढलेत. पलूस-फलटणहून तुरळक. मी आधीच म्हणत होतो, फुकट मिळालं की त्या बाजूची माणसं सोडत नाहीत. अपेक्षा रोज लिहून पाठवते: गाई चारा सोडतायत, दूध तुटलंय, अमक्याची गाभडली, तमक्याच्या गाईने दिवस भरायच्या आत वासरू टाकलं. लिहिताना मला प्रत दिलीच पाहिजे का? मी दूरसंचार पाहतो, बाळंतपणं नाही.

१७ सप्टेंबर

चेअरमननी चहाला बोलावलं. प्रथमच खुर्ची पुढे केली. म्हणाले, सुभेदार, ह्या कंपनीत शिस्तीचा माणूस एकच हाय. मला वरच्या मजल्यावर खोली मिळाली, पडद्यासकट.

मग अपेक्षाचा विषय काढला. पोरगी लोकांची डोकी फिरवते आहे, गाय शिंकली तरी पेंडीवर ढकलते, म्हणाले. थोडे दिवस आटपाडीचे फोन थंड होऊ द्या. मलाही ते पटलं. दोन दाबल्यावर तिच्याकडे न जाता 'आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत', मग सनई, मग बंद. पानावर दोन खुणा बदलायचं काम. चहा गार व्हायच्या आत केलं. चेअरमन बघतच राहिले.

२० सप्टेंबर

अपेक्षाने विचारलं, तिचा फोन का वाजत नाही. सिस्टीमचं काम चालू आहे म्हणालो. कसलं काम, म्हणे. असल्या माणसांना सिस्टीम हा शब्द पुरत नाही हा माझा जुना अनुभव.

२४ सप्टेंबर

वीरधवल जेवायला गेले होते, त्यांचा फोन मी उचलला. पलीकडे एक म्हातारी, रंगुबाई, आटपाडीच्या पुढे कुठल्याशा वस्तीवरची. गाय दोन दिवस उठत नाही म्हणाली. मी म्हणालो, बाई, हा पलूस-फलटणचा फोन आहे, तुम्ही एक का दाबलं? तुम्हाला दोन आहे.

"दोन दाबलं की तुमचं चेरमन बोलत्यात, मग पिपाणी वाजती, मग कट व्हतंय. एकाला माणूस हाय. तुमी माणूसच हाय न्हवं?"

माणूस आहे, म्हणालो. पण आटपाडीचा नाही. नियम समजावून सांगितला. तिने सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, मग गाईला काय देऊ?

ठेवला फोन. अशांना एकदा तोंड दिलं की संपलं.

२६ सप्टेंबर

ती रोज एक दाबते. आता तिच्या शेजारणीही एक दाबतात. वीरधवल त्यांच्याशी सावकाश बोलत बसतात आणि इथली लाइन अडते. चेअरमनना सांगितलं. मी तोडगाही सुचवला: ज्या नंबरवरून एकदा दोन दाबलं गेलं, तो कायमचा दोनवरच जाईल, त्याला विचारायचंच नाही. मशीन नंबर ध्यानात ठेवते, आपण फक्त सांगायचं. चेअरमन म्हणाले, व्वा सुभेदार.

आजच्या दिवसात आटपाडीचा एकही कॉल इथे आला नाही. अशी स्वच्छ लाइन मी सियाचीनच्या पायथ्यालाही पाहिली नव्हती.

५ ऑक्टोबर

राणीचा फोन होता. खोलीला पडदे आहेत हे तिला सांगितलं. ती म्हणाली, तुमी लय बोलाय लागलाय चेअरमनवानी.

तिला ऑफिसचं काय कळतं.

९ ऑक्टोबर

रंगुबाई आली. आटपाडीहून एसटीने, मध्ये गाडी बदलून, डोक्यावर पोतं घेऊन. खाली पायरीवर बसली आणि 'एकाचा माणूस कुठं हाय' म्हणून विचारत राहिली. शिपायाला कळेना. मी खाली गेलो, आवाजावरून तिने ओळखलं.

वाटेल तेवढी बडबडेल या तयारीने गेलो होतो. ती बोलली फारच थोडं. गाय गेली. दुसरी गाभडली. सून सगळं दूध डेअरीला घालायची, आता चहापुरतं शेजारून आणतात. हे सांगून तिने पोत्याची शिवण सोडली आणि म्हणाली, वास घ्या.

मी म्हणालो, मी डॉक्टर नव्हे.

"नाक हाय न्हवं?"

घेतला. लेहला एका हिवाळ्यात रसद अडली होती, तेव्हा भिजलेला आटा वाळवून आमच्या लंगरात आला होता. तोच कुबट वास. पलटणीतली निम्मी पोरं पोट धरून आडवी झाली होती आणि ज्याने तो आटा पास केला त्याला वर्दी उतरवावी लागली होती. पोत्यात हात घातला, गोळ्या एकमेकांना चिकटलेल्या, आतून हिरव्या. पोतं मात्र नवं कोरं. शिवण आमच्याच आवारातली.

तिने कार्ड मागितलं. दिलं. सून वाचील म्हणाली. चहा विचारला तर नको म्हणाली, गाडी चुकंल.

मघापासून हात साबणाने धुतोय, वास जात नाही.

१० ऑक्टोबर

पोतं घेऊन चेअरमनकडे गेलो. त्यांनी बघितलंही नाही. आटपाडीची जनावरं काय बी खात्यात, म्हणाले.

इतकं हलकट वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. मुक्या जनावराबद्दल असं बोलणारा माणूस कोणत्या मातीचा असेल?

मी सांगितलं, पोती परत मागवा, आणि दोनवर डॉक्टर परत जोडू द्या. ते हसले. कागद पुढे केला. गेल्या पंधरवड्यात आटपाडी विभागातून आलेल्या तक्रारी: शून्य. हे तुमचंच काम हाय सुभेदार, रविवारी सांगलीच्या मेळाव्यात मी हेच वाचून दाखवणार, तुमी पयल्या रांगेत बसा.

शून्य खरंच होतं. मशीन खोटं बोलत नाही. तिला जे सांगाल तेवढंच ती करते.

११ ऑक्टोबर

अपेक्षाला फोन केला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, सर, मला ठाऊक आहे तुम्ही काय केलंत. पंधरवड्यापूर्वीच कळलं. मोटारसायकलवर वस्त्या फिरते आहे, जिथे पोहोचले तिथली पेंड बंद केली, जिथे नाही तिथे जनावरं पडतायत. आवाजात रागसुद्धा नव्हता. दुकानात चुकीचं माप मिळाल्यावर माणूस बोलतो तसं बोलली.

फौजेत ज्युनिअरने असं बोलल्यावर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. इथे मी तिला वस्त्यांची नावं विचारली. तिने सांगितली. ठेवून दिला तिने.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी निघण्यापूर्वी पान उघडलं. सगळी राज्यं खुली केली, सेलमची, कोचीची, अमृतसरची, कर्नाटकची सिमं सगळी. जे नंबर दोनला बांधले होते ते तसेच ठेवले. दोनसमोर जो साधा फोन लिहायचा असतो तिथे चेअरमनांचा मोबाइल नंबर लिहिला. लांबलचक भाषण आणि सनई काढून टाकली. बदल पक्का केला आणि पानाचा परवलीचा शब्द बदलला. अपेक्षाला सांगितलं, वस्त्यांना कळव, आज दोनवर माणूस आहे.

सांगलीचा हॉल भरलेला. आटपाडीहूनही गाडी भरून आणलेली माणसं, जेवणाचं सांगून. मी पहिल्या रांगेत. चेअरमननी कॉलरला माइक लावलेला, कागद हातात. आटपाडी विभाग, तक्रारी, असं म्हणेपर्यंत खिशातला फोन वाजला. त्यांनी कापला. परत वाजला. कोण आहे ते न बघता राहणं या माणसाच्या स्वभावातच नाही. उचलला, आणि सवयीप्रमाणे स्पीकरवर.

"दोनाचा माणूस का?" बाईचा आवाज हॉलभर. "गाय पडलीया. कोण बोलतंय?"

"मी चेअरमन बोलतोय."

"ते तर तुमी रोजच बोलताय. आता ऐका."

आणि ती सांगत राहिली. चेअरमन फोन बंद करायला बटण शोधत होते, चष्मा टेबलावर होता. कापला तर दुसरा आला. तो कुणी पुरुष होता, सेलमहून, घरी आईची गाय गाभडली म्हणून. मागच्या रांगांतली आटपाडीची माणसं हळूहळू उठून उभी राहिली. कुणी ओरडलं नाही. एकेकाने खिशातून मोबाइल काढला आणि आकडे दाबू लागला.

मी मागे वळून बघत बसलो. व्यवस्थित काम झालेली लाइन ऐकायला नेहमीच बरी वाटते.

१४ ऑक्टोबर

चेअरमनांनी फोन बंद ठेवला तर बँक, पुढारी, जावई, सगळेच बंद होतात. चालू ठेवला तर आटपाडी. काल संध्याकाळी ट्रक गेले, पोती परत आणायला. सरकारी माणसं येऊन नमुने घेऊन गेली. मला नोकरीवरून काढल्याचं चेअरमननी फोनवर सांगितलं. स्पीकरवर असावेत, मागे वीरधवलांचं खोकणं ऐकू आलं. बोलणं संपायच्या आत पलीकडे दुसरा कॉल आला असावा, कारण मला म्हणाले, थांबा, आणि मग मी बराच वेळ थांबलो.

परवलीचा शब्द टेलिफोन कंपनीला कळवून टाकला. पडदे तिथेच राहिले.

२ नोव्हेंबर

गावी. रंगुबाईला चांगली बातमी म्हणून कळवलं, पोती गेली. ती म्हणाली, गाय गेली त्याला पोती गेल्यानं काय व्हतंय? आभार मानायची पद्धतच नाही तिकडे. मग तिनेच विचारलं, राहिलेली गाय रवंथ करत न्हाई, काय देऊ?

मी डॉक्टर नाही हे तिला कितव्यांदा सांगितलं ते आठवत नाही.

८ डिसेंबर

अपेक्षाने कंपनी सोडली आणि आटपाडीतच स्वतःचा दवाखाना टाकला. मला कळवायची तिला गरज वाटली नाही, रंगुबाईकडून समजलं. आणि त्या बाईने माझं कार्ड सगळ्या वस्त्यांवर फिरवलंय. आता परमुलखातूनही फोन येतात, घरची गाय अशी अशी करते म्हणून. माणसांना अक्कल नाही. कुणी काही विचारायच्या आत सांगायला लागतात आणि नको ते सांगतात. गाय कितव्या वेताची, खाणं कधी सोडलं, शेण कसं, हे सगळं मलाच एकेक करून काढून घ्यावं लागतं. मग अपेक्षाला लावतो, तिला थोडक्यात सांगतो आणि दोन्हीकडची लाइन जोडून देतो. ती आता माझं वाक्य पुरं होऊ देते. तेवढी तरी सुधारली.

राणी म्हणाली, डॉक्टरीणबाईंचा नंबरच देऊन टाका की त्यास्नी. तिला काय सांगणार? अपेक्षाचा नंबर दिला तर ही माणसं तिचा दिवस खाऊन टाकतील.

आज दुपारी जेवायला बसलो, पहिला घास तोंडात, आणि राणी गोठ्यातून माझा फोन हातात घेऊन आली. तो तिच्याकडे तिथे कसा गेला कोण जाणे.

"घ्या," म्हणाली. "आटपाडी हाय."

भाकरी झाकून ठेव म्हणालो, आणि हात धुतला.